त्सावोचे सिंह आणि पडद्यावरच्या बंदुका

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच चित्रपटाविषयी आहेत. १९९६ साली प्रदर्शित झालेल्या, स्टीफन हॉपकिन्स दिग्दर्शित ‘द घोस्ट अँड द डार्कनेस’ या साहसपटात, १८९८ साली आजच्या केनियातील त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधला जात असताना दोन नरभक्षक सिंहांनी मजुरांवर केलेल्या हल्ल्यांची आणि त्या सिंहांच्या शिकारीची कथा आहे. पुलाचा इंजिनिअर जॉन हेन्री पॅटरसन याची भूमिका व्हॅल किल्मर यांनी, चार्ल्स रेमिंग्टन नावाच्या अमेरिकी शिकाऱ्याची मायकेल डग्लस यांनी आणि हिंदी मजुरांचा पुढारी अब्दुल्ला याची ओम पुरी यांनी केली आहे. वाचकांचा रोख मात्र नटांपेक्षा त्यांच्या हातांतील हत्यारांवर आहे, म्हणून ती पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. खुद्द पॅटरसनने या शिकारीचा वृत्तान्त १९०७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला होता; त्यामुळे पडद्यावर दिसते ते आणि प्रत्यक्षात घडले ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. जंगलपटांच्या बाबतीत अशी सोय क्वचितच मिळते.

प्रश्न : चित्रपटात पॅटरसन जी रायफल वापरतो ती आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसणारी थ्री-नॉट-थ्रीच आहे का? असल्यास तेवढ्या बारीक गोळीने सिंह मरतो का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : घराणे तेच आहे, पिढी वेगळी आहे. जेम्स पॅरिस ली या संशोधकाने तयार केलेली बोल्टची, म्हणजे हाताने मागेपुढे सरकवून काडतूस भरायच्या दांड्याची रचना ब्रिटिश लष्कराने १८८८ साली स्वीकारली आणि तिला .३०३ इंच व्यासाच्या, म्हणजे ७.७ मिलिमीटरच्या नळीची जोड दिली. ही पहिली रायफल ली-मेटफर्ड होय. तिच्या नळीतील पीळदार खाचा उथळ होत्या, आणि कॉर्डाइट ही बिनधुराची दारू वापरात आल्यावर तिच्या प्रखर उष्णतेने त्या लवकर झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये अधिक खोल खाचांची नळी बसवण्यात आली आणि ली-एनफील्ड हे नाव रूढ झाले. आपल्याकडील पोलिसांनी अनेक दशके बाळगलेली रायफल ही याच मालिकेतील, परंतु १९०७ च्या आखूड नळीच्या नमुन्याची आहे. चित्रपटात किल्मर यांच्या हातात दिसते ती त्याच बोल्टवर बांधलेली शिकारी आवृत्ती असून तिला ली-स्पीड म्हणतात. लष्करी रायफलीला नळीच्या टोकापर्यंत लाकूड असते, तर या रायफलीचे लाकूड अर्ध्यावर थांबते आणि दस्ता नाजूक असतो. वसाहतींत नोकरीला जाणारे अधिकारी अशा रायफली स्वतःच्या खर्चाने घेत असत. त्यात मोठी सोय अशी होती की सरकारी कोठारातील काडतूस तिला चालत असे आणि आफ्रिकेपासून हिंदुस्थानापर्यंत कुठेही काडतुसांची वानवा पडत नसे. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही .३०३ ची काडतुसे तयार होत असत, आणि त्यांच्या बुडावर त्या कारखान्याची आद्याक्षरे ठोकलेली असत.

राहिला प्रश्न बारीक गोळीचा. त्या काळातील .३०३ ची गोळी सुमारे १४ ग्रॅम वजनाची असून ती सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने निघे. तिच्या आधीच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ३१ ग्रॅमची होती, पण तिचा वेग सेकंदाला जेमतेम ४०० मीटर होता. जुन्या शिकाऱ्यांचा भरवसा जड गोळीवर होता, आणि त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण लष्करी .३०३ ची गोळी पूर्णपणे कठीण धातूच्या आवरणात असल्यामुळे ती पुष्कळदा जनावराच्या अंगातून सरळ आरपार जाई आणि जनावर जखमी होऊन निघून जाई. यावर उपाय म्हणून गोळीचे टोक उघडे ठेवण्याची युक्ती निघाली. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात अशा गोळ्या तयार झाल्या, आणि त्या गावाचे नाव जगभर त्यांना चिकटले. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली. शिकारीला ती बंदी लागू नव्हती. थोडक्यात, हृदयात किंवा मेंदूत लागलेली .३०३ ची गोळी सिंहाला नक्की मारते. चित्रपटात पहिल्याच रात्री पॅटरसन एका गोळीत सिंह पाडतो तो प्रसंग कल्पित असला तरी अशक्य मुळीच नाही. पोटात किंवा मांडीत लागलेली तीच गोळी मात्र शिकाऱ्यालाच संकटात टाकते, आणि हे पुढच्या एका उत्तरात दिसेलच.

प्रश्न : सिंह अगदी समोर असताना पॅटरसनची बंदूक ‘जॅम’ होते, हा प्रसंग खरा की नाट्य वाढवण्यासाठी घातलेला? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चित्रपटातील बंदुकांच्या साऱ्या प्रसंगांत इतिहासाला सर्वांत जवळचा प्रसंग हाच आहे. पडद्यावर पॅटरसन डॉक्टर हॉथॉर्न यांच्याशी रायफलींची अदलाबदल करतो, सिंह समोर येतो, चाप ओढला जातो आणि बार उडतच नाही. नंतर रेमिंग्टन त्याला, न पारखलेले हत्यार घेऊन लढाईत उतरल्याबद्दल खडसावतो.

प्रत्यक्षात हे ९ डिसेंबर १८९८ रोजी सकाळी घडले. सिंहाने गाढव मारले आहे अशी वर्दी घेऊन एक माणूस धावत आला, तेव्हा पॅटरसनने एका पोलीस अधिकाऱ्याने त्याच्याकडे ठेवून दिलेली जड दुनळी रायफल उचलली, मजुरांना ढोल आणि पत्र्याचे डबे वाजवत झुडपांतून हाका करायला लावले आणि स्वतः पलीकडच्या बाजूला एका वारुळाच्या आडोशाला वाट पाहत राहिला. सिंह त्याच वाटेने बाहेर आला. पॅटरसनने डोक्यावर नेम धरून चाप ओढला, आणि बार होण्याऐवजी नुसता ‘खट्’ असा आवाज झाला. तो इतका गोंधळला की डावी नळी भरलेली आहे हेच तो विसरला आणि पुन्हा काडतूस भरण्यासाठी त्याने रायफल खाली घेतली. सुदैवाने हाक्याच्या गलबल्याने सिंहही बावरला होता. तो उडी मारून बाजूला झाला तेव्हा कुठे पॅटरसनला दुसऱ्या नळीची आठवण झाली, आणि त्या बाराने सिंहाला केवळ जखम झाली. मग रायफलीचा मालक, ती घडवणारा कारागीर आणि खुद्द रायफल या तिघांनाही आपण सारख्याच न्यायाने शिव्या घातल्या, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

आपण ‘जॅम’ असा शब्द वापरला आहे, परंतु येथे यंत्रणा अडकलेली नव्हती. बार फुकट गेला होता. काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक छोटी टोपी असते, तिच्यात ठिणगी देणारे संवेदनशील रसायन असते, आणि चाप ओढला की बंदुकीतील सुई त्या टोपीवर जोराने आदळून ते पेटवते. बार न होण्याला त्यामुळे दोनच घरे जबाबदार असू शकतात. टोपीवर खोल खळगा पडूनही काडतूस पेटले नसेल तर दोष काडतुसाचा, म्हणजे दमट हवेचा किंवा जुन्या रसायनाचा असतो. खळगा उथळ असेल तर दोष बंदुकीचा असतो: स्प्रिंग थकलेली असते, सुई झिजलेली असते, किंवा खटक्यात जुने तेल घट्ट होऊन बसलेले असते. पॅटरसनने ते काडतूस काढून पाहिले तेव्हा टोपीवर नुसता ओरखडल्यासारखा खळगा होता. म्हणजे अपराधी रायफलच होती, आणि ज्या बंदुकीतून आपण स्वतः आधी निदान चार बार काढून पाहिले नाहीत ती बंदूक घेऊन जनावरासमोर जाऊ नये, हा रेमिंग्टनचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे.

मला खटकते ते वेगळेच. चित्रपटाने या प्रसंगातून गुरूने शिष्याला द्यायचा धडा काढला आहे. प्रत्यक्षात तेथे गुरू कोणी नव्हता, आणि मूळ वृत्तान्तातील सर्वांत अस्सल तपशील पटकथेने वगळला आहे. भरलेली दुसरी नळी हातात असताना माणूस ती विसरतो, ही गोष्ट फसलेल्या खटक्यापेक्षा कितीतरी अधिक भीतिदायक आहे.

प्रश्न : रेमिंग्टनच्या हातात दुनळी रायफल का दाखवली आहे? पाच गोळ्यांची रायफल उपलब्ध असताना दोनच गोळ्यांचे हत्यार कोण निवडेल? आणि हा रेमिंग्टन खरोखर होऊन गेला का? — एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. रेमिंग्टन पूर्णतः कल्पित आहे. दोन्ही सिंह पॅटरसननेच मारले, आणि कोणी नामांकित शिकारी त्याच्या मदतीला नव्हता. अमेरिकेत १८१६ पासून बंदुका बनवणाऱ्या एका सुप्रसिद्ध घराण्याचे आडनाव या पात्राला मिळावे, हा निव्वळ योगायोग मानायला मन तयार होत नाही.

आता दुनळीविषयी. येथे आधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आपल्या खेडोपाडी जिला दुनळी म्हणतात ती बहुधा बाराबोरची छऱ्याची बंदूक असते. तिच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात. रेमिंग्टनची दुनळी ही रायफल आहे, म्हणजे तिच्या दोन्ही नळ्यांत पीळदार खाचा आहेत आणि ती एकेक जड गोळी फेकते. अशा रायफलीत वस्तुतः दोन स्वतंत्र बंदुका एका दस्त्यावर बसवलेल्या असतात: दोन नळ्या, दोन चाप, दोन खटके, दोन सुया. एक बाजू फसली तरी दुसरीचे काही बिघडत नाही. पॅटरसनच्या बाबतीत उजवी नळी मुकी राहूनही डावी बोलली, ती याच रचनेमुळे. बोल्टच्या रायफलीत दुसरी गोळी झाडायची तर हात चापावरून काढून बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली दाबायचा असतो; सराईत माणसाला त्यासाठी एक-दोन सेकंद लागतात, पण चाल करून आलेला सिंह तेवढ्या वेळात वीस-पंचवीस मीटर तोडतो. दुनळीत बोट फक्त एका चापावरून दुसऱ्यावर सरकवायचे असते. दाट झुडपांत पंधरा पावलांवरून चाल झाली तर तिसरी गोळी झाडण्याची वेळच येत नाही, म्हणून पाच गोळ्यांचा हिशेब तेथे कागदावरच राहतो.

किंमत मात्र जबर असे, आणि आजही आहे. दोन नळ्या समांतर जोडून चालत नाही, कारण प्रत्येक बाराचा धक्का बंदुकीला आपापल्या बाजूला वळवतो. त्यामुळे दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी लागाव्यात यासाठी कारागीर नळ्यांमधील पाचर कणाकणाने सरकवतो, डाग पुन्हा वितळवतो, पुन्हा बार काढून पाहतो, आणि हे काम हातानेच करावे लागते. लंडनच्या नामांकित पेढ्यांच्या अशा रायफली राजेरजवाड्यांकडे असत, त्याचे कारण हेच.

काळाच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक गंमत आहे. काळी दारू भरलेल्या जुन्या दुनळी रायफली एक बार झाला की समोर पांढऱ्या धुराचा पडदा उभा करत, आणि दुसरा बार काढण्यापूर्वी जनावर कुठे आहे हे पाहण्यासाठी शिकाऱ्याला खाली वाकावे किंवा बाजूला धावावे लागे. कॉर्डाइटवर चालणारी पहिली मोठी दुनळी, जॉन रिग्बी यांच्या पेढीची .४५० नायट्रो एक्स्प्रेस, १८९८ मध्येच बाजारात आली, म्हणजे नेमकी त्सावोच्या सिंहांच्या वर्षी. तिच्या गोळीचे वजन मार्टिनी-हेन्रीच्या गोळीइतकेच, ३१ ग्रॅम होते. पण वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर होता, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती मार्टिनीच्या जवळजवळ पावणेतीनपट भरे. रेमिंग्टनच्या बारातून पडद्यावर जेवढा धूर निघतो त्यावरून तो बिनधुराची दारू वापरतो असे मानावे लागते. तसे असेल तर वर्षानुवर्षे रानोमाळ भटकणाऱ्या त्या फाटक्या शिकाऱ्याच्या हातात त्या वर्षातील सर्वांत नवे आणि महागडे हत्यार आले कसे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. त्याच्याकडे काळ्या दारूची जुनी, जाड नळीची आठबोर असती तर ती त्याच्या कपड्यांना अधिक शोभली असती, पण धुराच्या ढगाने कॅमेऱ्याची पंचाईत केली असती.

मोठ्या रायफलीशिवाय भागत नाही असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या वाघिणीच्या शिकारीनंतर १९०७ मध्ये .२७५ ची एकनळी रिग्बी भेट मिळाली, आणि इतकी हलकी रायफल त्यांनी पुढे अनेक वर्षे वापरली. जवळून सामना होण्याची शक्यता असे तेव्हा ते .४५०/४०० ची दुनळीही घेत. जनावर मारणे आणि अंगावर येणारे जनावर थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुनळी दुसऱ्या कामासाठी जन्माला आली आहे.

प्रश्न : सापळ्यात अडकलेल्या सिंहावर आतले शिपाई इतक्या जवळून गोळ्या झाडतात, तरी एकही लागत नाही. हे पटत नाही. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : न पटण्यासारखेच आहे, परंतु जवळजवळ तसेच घडले. पॅटरसनने रेल्वेचे लाकडी स्लीपर, ट्रॉलीचे रूळ, तारायंत्राची तार आणि साखळदंड वापरून दोन कप्प्यांचा पिंजरा उभारला होता. मागच्या कप्प्यात माणसे आमिष म्हणून बसायची आणि पुढच्या कप्प्यात सिंह शिरला की दार पडायचे. मधल्या रुळांमध्ये केवळ तीन इंचांची फट होती. सिंह खरोखर शिरला, दार पडले, आणि मार्टिनी रायफली घेऊन बसलेले शिपाई भीतीने इतके गोठले की कित्येक मिनिटे त्यांनी बारच काढला नाही. मग ते उठले ते दिसेल तिकडे गोळ्या झाडू लागले. बाहेर थांबलेल्या मंडळींच्या आसपासही गोळ्या सुंसुं करत गेल्या. एका गोळीने दाराचा गज तुटला आणि सिंह केवळ किरकोळ जखमेवर त्या वाटेने निघून गेला.

मार्टिनीत एका वेळी एकच काडतूस बसते. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की ठोकळा उतरतो, रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे हाताने घालायचे आणि तरफ वर घ्यायची. अंधारात, एका कोंदट पेटीत, हाताच्या अंतरावर सिंह गजांवर धडका मारत असताना हे काम करायचे होते. पहिल्या बाराच्या लखलखाटाने डोळे दिपलेले, कानठळ्या बसलेल्या. ही रायफल सहा फुटांवरून चुकते याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. चित्रपटात हा प्रसंग रेल्वेच्या डब्यात घडतो आणि त्यात कंदिलाच्या आगीची भर घातली आहे. माझ्या मते ती भर अनावश्यक होती.

प्रश्न : येथील फील्ड म्युझियममध्ये हे दोन सिंह आम्ही मुलांसह पाहिले. त्यांना आयाळ नाही आणि ते चित्रपटातल्यापेक्षा लहान दिसतात. नेमक्या कोणत्या बंदुकीने त्यांना मारले? आणि त्यांनी एकूण किती माणसे मारली? — एक वाचक, शिकागो

उत्तर : आयाळीची सूट चित्रपटाने घेतली आहे. पडद्यावरचे मुख्य सिंह कॅनडातील एका प्राणिसंग्रहालयातील पाळीव सिंह होते आणि त्यांना भरघोस आयाळ होती. त्सावोच्या उष्ण, काटेरी प्रदेशातील नरांना मात्र आयाळ फारच थोडी असते किंवा नसतेच. पॅटरसनने दोन्ही कातडी पंचवीस वर्षे जमिनीवर अंथरण्यासाठी वापरली आणि १९२४ मध्ये ती ५,००० डॉलरना संग्रहालयाला विकली. तोपर्यंत ती कापली-छाटली गेली होती, त्यामुळे पेंढा भरताना सिंह मूळ आकारापेक्षा लहान झाले. मारला तेव्हा पहिला सिंह नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ९ फूट ८ इंच भरला होता.

त्या सिंहाला .३०३ नेच मारले. बार फुकट गेला त्याच दिवशी संध्याकाळी पॅटरसनने गाढवाचे उरलेले धूड तारेने बुंध्याला बांधले आणि चार खांबांवर सुमारे बारा फूट उंचीचे डुगडुगते मचाण उभारून तो एकटाच बसला. सिंह गाढवाकडे न जाता मचाणाभोवतीच दोन तास घिरट्या घालत राहिला. मध्येच एक घुबड पॅटरसनच्या डोक्यावर आदळले; चित्रपटात पक्ष्याचा हा प्रसंग ठेवला आहे. अखेर झुडपांच्या पार्श्वभूमीवर सिंहाची पुसट आकृती दिसताच त्याने गोळी झाडली आणि मग आवाजाच्या रोखाने एकामागून एक झाडत राहिला. सकाळी पाहिले तर एक गोळी डाव्या खांद्यामागून हृदयात गेली होती आणि दुसरी मागच्या पायात होती.

दुसऱ्या सिंहाचे उत्तर एका बंदुकीत मावणारे नाही. त्याला आधी गुळगुळीत नळीच्या बंदुकीतून जाड छऱ्यांचे दोन बार लागले, आणि तो सुमारे दहा दिवस गायब झाला. छरे जाड असले तरी सिंहाच्या स्नायूंत ते खोल जात नाहीत. पुढे त्यातला एक छरा पाठीच्या मांसात वरच्यावर रुतलेला सापडला. त्यानंतर झाडावरून, वीस यार्डांच्या आतून, .३०३ ची गोळी छातीत बसली, आणि तो पळत असताना पॅटरसनने लागोपाठ आणखी तीन गोळ्या झाडल्या. त्यातली शेवटची लागली. मॅगझिनच्या, म्हणजे एकदम अनेक काडतुसे भरता येणाऱ्या रायफलीचा खरा उपयोग येथे दिसतो, कारण दुनळीतून हे साधले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताच्या मागावर जाताना सिंहाने चाल केली. .३०३ च्या गोळ्या लागत होत्या, तो पडत होता आणि पुन्हा उठत होता. पॅटरसनने मागे न पाहता मार्टिनी कार्बाइनसाठी, म्हणजे आखूड नळीच्या मार्टिनीसाठी हात पुढे केला, तेव्हा हातात काहीच आले नाही, कारण बंदूकवाहक माहिना कार्बाइनसह झाडावर चढू लागला होता. पॅटरसननेही तेच झाड गाठले. आधीच्या एका गोळीने सिंहाचा मागचा पाय मोडला नसता तर पॅटरसन तेथवर पोहोचलाच नसता. वरून कार्बाइनच्या गोळीने सिंह कोसळला, पॅटरसन उतावीळपणे खाली उतरला, सिंह पुन्हा उठला, आणि त्याच कार्बाइनच्या छातीतील व डोक्यातील गोळ्यांनी २९ डिसेंबर १८९८ रोजी तो मेला. अंगावर गोळ्यांच्या सहा जखमा होत्या.

चित्रपटाच्या अखेरीस दुसऱ्या झाडावर बसलेला, पॅटरसनचा आफ्रिकी सहकारी सॅम्युएल पॅटरसनकडे बंदूक फेकतो, ती जमिनीवर पडते आणि पॅटरसन तिच्यासाठी खाली उडी मारतो. बंदूक झाडावर आणि शिकारी रिकाम्या हाताने, ही मूळ परिस्थिती त्यात ओळखू येते. मात्र दोन सिंहांपुढे कोणते एक हत्यार श्रेष्ठ ठरले असा निवाडा मूळ वृत्तान्तातून निघत नाही. तेथे जे हाताला लागले आणि ज्याचा बार उडाला ते उपयोगी पडले.

बळींच्या आकड्याविषयीही आपण विचारले आहे. पॅटरसनने १९०७ मध्ये २८ हिंदी मजूर आणि नोंद न झालेले आफ्रिकी मजूर असे लिहिले. पुढे तो १३५ म्हणू लागला. सिंहांच्या केसांचा व हाडांचा रासायनिक अभ्यास करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सुमारे ३५ चा आहे.

प्रश्न : चित्रीकरणात खऱ्या बंदुका वापरतात का? मग नटांना धक्का बसताना का दिसत नाही? — एक वाचक, पुणे

उत्तर : जुन्या काळावरच्या चित्रपटांत बंदुका पुष्कळदा खऱ्याच असतात आणि त्या भाड्याने मिळतात; काडतुसे मात्र पोकळ असतात. अशा काडतुसात दारू असते, गोळी नसते, आणि तोंड चुण्या घालून मिटवलेले असते. पुढे जाणारे वजनच नसल्यामुळे मागे येणारा धक्काही नगण्य असतो, म्हणून जाणकार नट खांदा स्वतःच मागे झटकतो. किल्मर हे बऱ्यापैकी करतात. डग्लस यांची दुनळी मात्र पाच किलोंची असूनही कधी कधी काठीसारखी हलकी वाटते. बोल्टच्या आणि दुनळी रायफली चित्रीकरणाला सोयीच्या असतात, कारण त्या हाताने भरायच्या असल्यामुळे त्यांत काही फेरफार करावा लागत नाही. स्वयंचलित बंदुका गोळीमागच्या वायुदाबावर किंवा धक्क्यावर चालतात. पोकळ काडतुसांवर त्या चालवायच्या तर नळीत बूच बसवून तो दाब कृत्रिमरीत्या वाढवावा लागतो.

पोकळ काडतूस निरुपद्रवी नसते. जवळून त्याचा तप्त झोत जीव घेऊ शकतो, आणि खरे काडतूस चुकून आत आले तर काय होते हे ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको येथील चित्रीकरणात छायालेखिकेच्या मृत्यूने दाखवून दिले. पडद्यावर ऐकू येणारा बार तर बहुधा नंतर ध्वनिमुद्रणशाळेत घडवलेला असतो. या चित्रपटाला मिळालेले एकमेव ऑस्करही ध्वनिसंकलनासाठीच होते, आणि गवतातली सळसळ व त्यावर फुटणारा .३०३ चा कोरडा कडाका ऐकल्यावर ते योग्य वाटते.

प्रश्न : आजोबांच्या काळापासून आमच्याकडे शेतीच्या संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना आहे. त्यावर .३०३ घेता येईल का? — एक वाचक, यवतमाळ

उत्तर : नाही. लष्करी काडतुसाची असल्यामुळे .३०३ भारतात प्रतिबंधित बोरमध्ये मोडते आणि सामान्य परवान्यावर ती मिळत नाही. तिच्याच घडणीची .३१५ बोरची रायफल सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी बनवली जाते. तिच्यासाठी परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे वारसाने आलेली शस्त्रे त्याहून अधिक असतील तर ती जमा करणे बंधनकारक आहे. पिकाच्या राखणीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुक्कर असो की नीलगाय, वन विभागाच्या परवानगीशिवाय बार काढता येत नाही. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत करावा.